नेत्यामागची दहा माणसं

गिरणीच्या संपात नोकरी गेल्यावर बाबा मरोळच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायला लागले. उरलेला वेळ ते पक्षाच्या वॉर्ड कमिटीला देत. एकदा वरून पत्र आलं. मोठे पाहुणे येणार, सभा होणार, व्यासपीठावर फक्त स्थानिक नेते बसतील, तेव्हा त्यांची यादी टाइप करून पाठवावी. मी तेव्हा टायपिंग शिकत होते, म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

कमिटीत अठरा जण होते आणि अठराही जण स्वतःला नेतेच समजत. एक म्हणाला, ज्यानं पोलिसांची लाठी खाल्ली तो नेता. पण लाठी त्या एकट्यालाच बसली होती, तीही दूध आणायला निघाला असताना. दुसऱ्याच्या मते ज्याच्या घरी फोन तो नेता. फोन फक्त त्याच्याकडेच होता. शेवटी अध्यक्षांनी ठरवलं की ज्याच्या मागे दहा माणसं तो नेता, आणि प्रत्येकानं दहा सह्या आणाव्यात.

अठरा कागद आले. क्लासच्या बाईंनी दोन दिवसांसाठी दिलेल्या मशीनवर मी घरीच ते उतरवायला बसले, तर सगळीकडे तीच तीच नावं. आमची चाळ सगळ्यांच्याच मागे होती. आईची सही सात कागदांवर होती. बाबांच्या कागदावर मात्र नव्हती. मी गप्प बसले असते, पण बाबा माझ्या मागे उभे राहून वाचत होते.

"तू त्या फोनवाल्याच्या मागे आहेस?" त्यांनी विचारलं.

आई बांगडे साफ करत होती. "त्यांनी सही मागितली, मी दिली."

"आणि माझ्या कागदावर?"

"तुम्ही मागितलीत कधी?"

त्यानंतर दोन दिवस बाबा तिच्याशी माझ्यामार्फत बोलले. आमटीत मीठ कमी असल्याचं समोर बसलेल्या आईला मी कळवायचं.

सभा शाळेच्या हॉलमध्ये झाली. स्टेजवर अठरा खुर्च्या मावेनात, म्हणून बाकं लावली. कडेच्या बाकावर बाबा अर्धेच टेकले होते. पुरुष बरेचसे वर गेल्यानं खाली बायकाच जास्त होत्या. पाहुण्यांचं भाषण रंगात आलं आणि साडेचार वाजले. आमच्याकडे नळाला तेव्हाच पाणी यायचं. आई उठली, तिनं पाहुण्यांना हात जोडले.

"साहेब, पाण्याची वेळ झाली. तुमचं चालू दे."

तिच्यामागोमाग सगळी चाळ उठली. खाली मी आणि शाळेचा शिपाई उरलो.

"ह्या बाई कोण?" पाहुण्यांनी माइकवरूनच विचारलं.

अध्यक्ष छताकडे बघत राहिले. बाबा उभे राहिले, त्यांनी शर्ट खाली ओढला आणि म्हणाले, "माझी मिसेस." एवढ्या मोठ्यानं बोलताना मी त्यांना प्रथमच ऐकलं.

पुढच्या महिन्यात आरेच्या दूध कॉलनीत होणाऱ्या पक्षाच्या शिबिराचं बोलावणं आलं, ते आईच्या नावानं. कमिटीत कुरकुर झाली की तिच्याकडे दहा सह्या कुठे आहेत. बाबांनी कागद घेतला, पहिली सही स्वतःची केली आणि दारोदार फिरून उरलेल्या नऊ आणल्या. शिबिराच्या दिवशी भातही त्यांनीच लावला. तो करपला.

आई संध्याकाळच्या बसनं परतली. तिथे काय काय झालं, बाबांनी विचारलं.

"भाषणं फार लांबली, म्हणून आम्ही बायका तबेले बघून आलो," ती म्हणाली. "म्हशी काय सुंदर होत्या हो."