उडी झेलणारा पाय

दिलदारभाई माणूस सोन्यासारखा, पण त्याच्या तोंडाला लागू नये. कळंब्याला त्याचं पत्र्याचं शेड हाय. तिथं त्यो माझ्यासारख्या, गुडघ्याखाली पाय गेलेल्या माणसांना पाय करून देतो.

मी बाळासो. शाहूवाडीकडच्या दुधाच्या टेम्पोवर हाय. गावोगावच्या डेअरीसमोर उतरायचं, भरलेले कॅन चढवायचे, की पुढं. मोटरसायकलच्या अपघातात डावा पाय गेला, तवा जो तो म्हणायला लागला, आता घरात बस, म्हशी बघ. माझं डोकंच फिरलं. म्हशी बघायला घरात माणसं काय कमी हायत? टेम्पोचा मालक स्वतःच गाडी चालवतो. त्यो म्हणला, "महिनाभर बघतो बाळासो. जमलं तर तूच, न्हाय तर दुसरा माणूस घेणार."

दिलदारभाईनं माझ्या पायाला नव्या तऱ्हेची तळपट्टी, म्हणजे पावलाच्या जागची पट्टी, केली. काचतंतूचं कापड आणि प्लॅस्टिक, थरावर थर ठेवून तापवायचं आणि दाबायचं. वजनाला हलकी, वाकून परत सरळ होणारी. त्यानं ती जॅकखाली धरली आणि दांडा हळूहळू मारत माझ्या वजनाच्या दुप्पट दाब दिला. पट्टी नुसती वाकली.

"जा लेका, नाच आता," म्हणला.

आठवडा झाला नसंल, एका डेअरीसमोर उतरलो आणि कट्ट! पट्टीचे थर सुटले, मी चिखलात. पोरंटोरं हसली. मालकानं उतरून स्वतः कॅन चढवला, ते जास्त लागलं. घरी ठेवलेला आधीचा रबरी पाय अडकवून तसाच कळंब्याला गेलो आणि दिलदारभाईला तोंडाला येईल ते बोललो. त्यानं तसाच थर दाबून केलेला दुसरा तुकडा परत जॅकखाली धरला. परत शाबूत.

"मग मोडली कशी रं?" त्यो स्वतःशीच म्हणला.

दुसऱ्या दिवशी पठ्ठ्या आमच्या टेम्पोत, मालकाशेजारी. पहिली डेअरी आली. गाडी हळू झाली तशी मी मागनं उडी टाकली.

"आरं ए! असा उतरतोस व्हय तू?" दिलदारभाई खिडकीतनं वरडला.

"मग काय पालखीतनं उतरू?" दुधाच्या टेम्पोवरचा गडी चाक थांबायची वाट बघत न्हाय. आमच्यात सगळी तशीच उतरत्यात.

त्यानं कपाळावर हात मारला. "तुझं वजन इचारलं मी. उतरतोस कसा, ते इचारलंच न्हाय की! हळू दाबलं तर प्लॅस्टिकला ताणलं जायला सवड मिळती, ते जोर पचवतं. एकदम दणका बसला तर सवडच न्हाय. मग ते कडक पडतं आणि थर सुटत्यात."

त्या दिवसापासनं शेडात नुसता दणदणाट. वाळू भरलेला दुधाचा कॅन आढ्याला टांगायचा आणि पट्टीवर सोडायचा. किती पट्ट्या मोडल्या, त्याचा हिशोब न्हाय. त्यानं प्लॅस्टिक बदललं, जास्त चिवट घेतलं. टाचेखाली जाड रबर लावलं, म्हणजे दणका जरा सावकाश पोचंल. शेवटी एक पट्टी टिकली, ती माझ्या पायाला बसवली.

महिना संपत आलेला. मी पडलो हुतो त्याच डेअरीजवळ गाडी हळू झाली आणि मी मागची फळी धरूनच राहिलो. आता मोडली तर संपलंच की सगळं. खाली बघतो तर दिलदारभाई आधीच येऊन दोन्ही हात पसरून उभा.

मारली उडी. पट्टी वाकली, सरळ झाली, आणि मी जाऊन त्याच्या छातीवर आदळलो.

"हात कशाला पसरलं हुतं? स्वतःच्या कामावर इस्वास न्हाय व्हय?"

त्याचं डोळं भरलं हुतं. "कामावर हाय रं. पण मागल्या बारीला माझ्या चुकीचा दणका तू खाल्लास. आज मोडली असती तर माझ्या अंगावर पडायला पायजे हुतास."

मालकानं हॉर्न वाजवला, "बाळासो, कॅन चढीव की!"

मी चढवला.