खिंडीतली दुसरी टहाळी

नामाकाका डोंगर चढले त्या वाटेनं कधी उतरत नसत. समोरच्या सोंडेनं वर जायचं, माथ्यावर टेकायचं आणि मागच्या ओढ्यातून उतरून डोंगराला वळसा घालत गावात यायचं, असा त्यांचा फेरा. मागची वाट महाभयंकर. घाणेरीचं रान, पायाखालून निसटणारे दगड, आणि एका ठिकाणी तर कातळाला पोट घासतच खाली यावं लागे. "काका, आलो तसेच जाऊ या ना," अशी मी कितीदा तरी गयावया केली असेल. उत्तर ठरलेलं. "आल्या वाटंनं गुरं जातात. तुमी कंपनीत साहेब ना?"

साहेब कसला! धाटावच्या एका कंपनीत शिफ्टवर राबणारा मी. बायको आणि मुलगी सोलापुरात, मुलीच्या शाळेमुळे. रोह्यातल्या भाड्याच्या खोलीत मी, गॅसची शेगडी आणि भिंतीवरचं घड्याळ. सुटी यायची तीही आठवड्याच्या अधल्यामधल्या वारी, म्हणजे जगात दुसऱ्या कुणालाच नसते तेव्हा. अशाच एका सुटीला खोली खायला उठली म्हणून बाइक काढली, खांब गावाच्या अलीकडे आत वळलो आणि दिसला तो डोंगर चढू लागलो. अर्ध्यावर छातीचा भाता झाला. खिंडीत मटकन बसलो, तर शेजारी हे नामाकाका बसलेले. डोक्याला टॉवेल, कमरेला कोयता, अंगकाठी शेवग्याच्या शेंगेसारखी.

त्या खिंडीत देव आहे. देव म्हणजे दगडांची रास. जाणाऱ्या-येणाऱ्यानं झाडाची टहाळी मोडून तिथं ठेवायची, म्हणजे वाट सुखरूप सरते. माणशी एक. काकांनी दोन ठेवल्या. दुसरी माझ्यासाठीच, असं समजून मी हात जोडायला लागलो.

"तुमची तुमी मोडा," ते म्हणाले. "ही आमच्या घरचीची. मागून येते हाय ती. गुडघे दुखतात, दमादमानं येते."

म्हातारी बाई एकटी चढतेय, म्हणून मी आपला हात द्यायला थांबलो. बराच वेळ गेला. कुणी आलं नाही. मग काका उठले आणि आम्ही माथ्यावर गेलो. खाली कुंडलिका नदी, पलीकडे धाटावची धुरांडी. तिथंही थांबलो. शेवटी काका मागच्या बाजूला उतरायला लागले, तेव्हा मला राहवेना. "अहो, आपण इकडून गेलो हे त्यांना कळणार कसं?"

"तिला ठावं हाय," ते म्हणाले आणि कातळावर पोट टेकलं.

गावात पोचल्यावर त्यांच्या शेजारच्या सुनंदावहिनींना मी काळजीनं सांगायला गेलो, की बाई अजून डोंगरातच आहेत. वहिनींनी हातातला हंडा खाली ठेवला. "हिराकाकी? तिला जाऊन लय वर्सं झाली. दोघं लाकडाला जायची. ह्यो पुढं सुटायचा, ती मागं राह्यची. कदी वळून बघितलान नाय. तुमी त्यांना काय बोलू नका हां. आमी कोन बोलत नाय."

मीही बोललो नाही. जवळजवळ प्रत्येक सुटीला मात्र त्यांच्याबरोबर जाऊ लागलो. काका वेडे नव्हते. भाताचा भाव, एसटीची वेळ, माझ्या मुलीची परीक्षा, सगळं त्यांच्या ध्यानात असे. मला फोनवर घरी बोलताना बघून एकदा म्हणाले, "डोंगरात घाई करनारा एकटाच पोचतो, साहेब. पोचून काय करतो मंग?" तेव्हा कुठं मला त्यांच्या फेऱ्याचं कोडं उलगडलं. चढल्या वाटेनं उतरलं, तर ती सगळी वाट नजरेला पडणार होती. खालपर्यंत, मोकळी. मागच्या बाजूनं उतरलं की हिराकाकी आपली अजून येतच असायची.

एका पावसाळ्यात मागच्या अंगाला दरड आली. आम्हाला पत्ता नव्हता. गणपती झाल्यावर चढलो, माथ्यावरून पलीकडे वाकून बघितलं, तर ओढा, कातळ, वाट, काहीच नाही. नुसती लाल माती. काका खाली बसले. उन्हं कलायला लागली तरी उठेनात.

"काका, आज आलो तसंच जावं लागेल."

"तुमी जा."

"आणि तुम्ही?"

"मी बसतो. ती आली म्हंजे..." पुढचं त्यांनी गिळलं. माझ्याकडं बघितलंही नाही. म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. कायमच माहीत होतं. मला इतकं वाईट वाटलं की त्यांच्या शेजारी बसून रडावं. पण दोघंही बसलो असतो, तर उठवणारं तिथं कोण होतं?

"मी पुढं होतो," मी म्हटलं. "तुम्ही माझ्या पाठपिशवीला धरा आणि माझ्या टाचांकडं बघत या. वाटेकडं बघूच नका."

ते आले. खिंडीत सकाळच्या टहाळ्या शेजारी शेजारी कोमेजल्या होत्या. काका क्षणभर थांबले, मान काही वर केली नाही. खाली शेताच्या बांधाला लागलो तेव्हा त्यांनी पिशवी सोडली. "कोन भेटलं काय रं वाटंत?" आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला अरेतुरे केलं.

खोटं बोलायला जीभ उचलली नाही. "नाही काका. कुणीच नाही."

ते बांधावरून पुढं निघाले. मग स्वतःशीच म्हणाले, "मंग पुढं गेली असंल. मीच मागं राह्यलो."

घराला कुलूप होतं. ते त्यांनी उघडलं. मी चहा केला, तो प्याले. त्यानंतर काका डोंगराकडं फिरकले नाहीत. मी बोलवायला गेलो की म्हणत, "आता कशाला? मागं कोन हाय?" शिमग्याच्या आधीच गेले. पनवेलला असतो तो त्यांचा मुलगा आला, सगळं उरकलं. मी शिफ्टवर होतो, मला दुसऱ्या दिवशी कळलं.

मी अजून जातो. मागची वाट बंदच आहे, त्यामुळे चढतो तिथूनच उतरतो, आणि वाट मोकळीच असते. परवा खिंडीत पेणच्या कॉलेजची पोरं भेटली. एकीनं विचारलं, "काका, एकटेच आलात?"

मी माझी टहाळी राशीवर ठेवली. एकच.

"नाही," म्हटलं. "दोघं पुढं गेलीत. मी आपला दमादमानं येतोय."