उस्तादांच्या तोंडचं ‘धुवा की’

“हात मागं.”

गाडीजवळ कुणीबी आलं की उस्तादांचं हे पहिलं वाक्य. या, बसा, चहा घ्या, हे सगळं नंतर. मालकाला तेच, मालकाच्या सासऱ्यालाबी तेच. चांगली मोठी माणसं शाळेतल्यासारखे हात मागं बांधून आपलीच नवी गाडी लांबून बघायची.

मग उस्ताद उजव्या हातात प्लास्टिकची पातळ पन्नी चढवायचे, डोळे मिटायचे आणि तो हात बॉनेटवरून हळूहळू फिरवायचे. उघड्या बोटाला न लागणारी कचकच पन्नीतून लागती म्हणे. वैद्यानं नाडी बघावी तसं तोंड करून म्हणायचे, “टोचायलंय.” कालच शोरूममधून आलेली गाडी, तिला काय टोचणार? पण तुमी पन्नी घालून बघा एकदा. टोचतं.

परभणीत जिंतूर रोडला त्यांचं शेड. नव्या गाडीच्या रंगावर कोटिंग करून द्यायचं, म्हणजे ऊन, धूळ, पाखरांची घाण रंगाला खात नाही. आणि त्याला लागून माझं रेडियमचं दुकान. त्यांनी आरशासारखी चमकवलेली गाडी बाहेर निघाली, की मी ‘आईचा आशीर्वाद’चं स्टिकर घेऊन हजर. मला बघितलं की ते आतूनच ओरडायचे, “काचंवर! जे चिटकवायचं ते काचंवर!”

मला नकलांची खोड. शाळेत हेडसरांच्या आवाजात सुट्टी जाहीर करून मार खाल्लेला माणूस मी. उस्तादांचा आवाज तर एकदम सोपा. घशात खरखर, शेवटी “समजलं का मालक?” आणि कुठल्याबी प्रश्नाला एकच उत्तर. धुवू का? न्हाई. पुसू का? न्हाई. कव्हर टाकू? न्हाई.

अजून एक नक्कल होती, ती चहाच्या टपरीवर लय चालायची. रोज सकाळी शटर वर करताना उस्ताद मला आदल्या दिवशीचं जेवण सांगायचे. “काल दुपारी भेंडी. सांच्याला वरण. बरोबर?”

“मला काय माहीत उस्ताद? तुमच्या पंगतीला होतो का मी?”

ते नुसती मान हलवून कामाला लागायचे. असं का सांगतेत, हे मी कधी विचारलं नाही. नक्कल करायला कारण लागत नसतं.

झरीच्या एका व्यापाऱ्याची काळी कुळकुळीत गाडी शनिवारी कोटिंग होऊन गेली. आठ दिवस पाण्याचा थेंब लावायचा नाही, हे उस्तादांनी त्याला चारदा बजावलं. रविवारी सांच्याला उस्ताद माझ्या दुकानात फोन चार्जिंगला लावून बाजारात गेले. माझ्यासमोर दोन दोस्त बसलेले. फोन वाजला. झरीचा व्यापारी. मी उचलला आणि उस्तादांच्या आवाजात “बोला मालक” म्हणलो.

“उस्ताद, उद्या अकराला आमचे महाराज येणार हायेत पूजेला. गाडीवर लय धूळ बसली. सकाळी धुवून घेऊ का?”

दोस्त माझ्या तोंडाकडं बघायला लागले. मला वाटलं, उस्तादांना जन्मात एकदा तरी ‘हो’ म्हणायला लावावं.

“धुवा की मालक! बिनधास्त धुवा. गाडी तुमची, पाणी तुमचं, मी कोण अडवणारा? समजलं का मालक?”

दोस्त हसून हसून आडवे. मी ठरवलं होतं, लगेच फोन करून खरं सांगू. तेवढ्यात नंबरप्लेटचं गिऱ्हाईक आलं. मग उस्ताद येऊन फोन घेऊन गेले. आणि मी विसरलो. खरं सांगतो, साफ विसरलो.

सोमवारी सकाळी नवाला उस्तादांचा फोन वाजला. मी शटरच्या बाहेरच होतो.

“बोअरचं पाणी? अन उन्हात ठेवली? कुणी सांगितलं तुमाला?”

पलीकडून झरीचा व्यापारी काहीतरी ओरडला.

“मी?”

आमच्याकडचं बोअरचं पाणी वाळलं की पांढरे डाग सोडतं. कोटिंग कच्चं असलं तर डाग आत बसतात. उस्तादांनी सिरक्याची, म्हणजे व्हिनेगरची, बाटली आणि मऊ फडकी पिशवीत कोंबली. “तुझी मोटारसायकल काढ. झरीला जायचंय.”

झरीपर्यंत मला वाटत होतं, आता शिव्या देतील. शिव्या नाहीत. मागून कानात आवाज आला, “काल मी कुणाला फोनवर बोललो का रे?”

समोरून ट्रक चालला होता. ऐकू आलं नाही असं दाखवलं.

थोड्या वेळानं परत. “काल सांच्याला काय खाल्लं मी? येईना बघ. डोस्क्यात येईना.”

मी गिअर बदलला.

“बाप माझा असाच सुरू झाला होता. पाथरीच्या स्टँडवर उभा राहायचा अन लोकांला इचारायचा, माझ्या गावची गाडी कोणती. छप्पन्न वर्षांचा होता. मला औंदा छप्पन्न लागलं.”

सकाळची भेंडी मला तेव्हा समजली, उस्ताद रोज आपली आठवण तपासायचे. तरीबी बोललो नाही. भ्यालो.

अंगणात काळी गाडी उभी. बॉनेटवर, पाटीवर चुना शिंपडावा तसे गोल गोल डाग. व्यापाऱ्याची आई पूजेचं ताट घेऊन पायरीवर, आणि व्यापारी मोबाईल घेऊन पुढं. “माझा फोन समदं रेकॉर्ड करतो उस्ताद. आता तुमीच ऐका.”

माझं सगळं बोलणं उस्तादांच्या खरखरत्या आवाजात अंगणभर वाजलं. उस्ताद म्हणले, “अजून एकदा लावा.” परत वाजलं.

“आवाज माझाच हाय,” उस्ताद म्हणले. “चूक माझी, मालक. बॉनेटला परत कोटिंग करून देतो. त्याच्यानंतर शेड बंद. असल्या डोस्क्यानं लोकाच्या गाडीला हात लावू नये.”

“मी बोललो ते,” मी म्हणलो.

व्यापारी माझ्यावरच भडकला. “म्हाताऱ्याला वाचवायलास व्हय?”

मग काय करणार? भर अंगणात नक्कल केली. “धुवा की मालक! बिनधास्त धुवा.” एकबी माणूस हसलं नाही. असली वाईट वेळ कुठल्या नकलाकारावर येऊ नये.

उस्ताद माझ्याजवळ आले. मी गाल तयार ठेवला.

“म्हंजे काल मी बोललोच न्हाई?”

“न्हाई उस्ताद. तुमी बाजारात होतात. फोन माझ्याजवळ होता.”

ते पायरीवर बसले. मग एकदम वर बघून म्हणले, “पिठलं. काल सांच्याला पिठलं होतं. वर ठेचा.” डोळे पुसले, उठले आणि सगळ्या अंगणावर ओरडले, “हात मागं!”

गाडी सावलीत घेतली. बॉनेट गार होऊ दिलं. सिरक्याचं पाणी, फडकं, पन्नीतला हात. परत सिरका. मी घड्याळ बघायचो, व्यापारी रस्ता बघायचा. महाराज आले तेव्हा कोपऱ्यात दोन डाग तसेच होते. महाराजांनी भस्माची बोटं बॉनेटकडं नेली.

“काचंवर, महाराज,” उस्ताद म्हणले. “भस्म खरबरीत असतंय. काचंला चालतं.”

महाराजांनी एकदा उस्तादांकडं बघितलं आणि तीन पट्टे काचेवर ओढले.

पुढच्या आठवड्यात उस्तादांनी त्या बॉनेटला परत कोटिंग केलं. बॅटरी धरायला मी. नंतर पंधरा दिवस माझ्याशी दोनच शब्द बोलले, “हात मागं.” शटर उघडताना भेंडी-वरण सांगायचंबी बंद झालं. मग मीच विचारायला लागलो. “काय खाल्लं काल, उस्ताद?” ते सांगायचे. मी म्हणायचो, “बरोबर.”

औंदा त्यांचे गुडघे गेले. डोस्कं नाही, गुडघे. लेकीकडं हैदराबादला गेले. जाताना त्यांचं सिमकार्ड माझ्या काउंटरवर ठेवलं. “लोक सवयीनं फोन करतेत. माझा आवाज काढतोस ना? काढ. पण एकच शब्द बोलायचा.”

गेल्या रविवारी झरीहून फोन आला. “उस्ताद, गाडीवर चिखल वाळलाय. कोरड्या फडक्यानं पुसू का?”

मी बाजूच्या बंद शटरकडं बघितलं. घसा खाकरून घेतला.

“न्हाई.”

तिकडून मग व्यापारी म्हणला, “हां. आता बरोबर बोललास पोरा.”