काकूंच्या उशाशी मॉस

मी अधारतालच्या एका रोपांच्या नर्सरीत कामाला आहे. नववीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. बोलायला मी लाजतो, त्यामुळे लोक माझ्यासमोर मोकळेपणानं बोलतात आणि किस्से माझ्याकडे साचत जातात. सगळ्यात जास्त साचले ते एका काचपेटीपायी.

नर्सरी वानखेडे काकांची, पण तिथले ऑर्किड काकूंचे. कंबरेचं ऑपरेशन झाल्यापासून काकू अंथरुणावर होत्या. खिडकीतून फक्त भिंत दिसायची. ऑर्किडच्या मुळाशी भरतात त्या सुक्या स्फॅग्नम मॉसच्या, म्हणजे एका जातीच्या शेवाळाच्या, पाकिटात मला एक दिवस हिरवा, जिवंत कोंब सापडला. तो जुन्या फिशटँकमध्ये लावून मी काकूंच्या उशाशी ठेवला. तीन महिन्यांत वाटीभर मॉस झालं.

काकू म्हणाल्या, "हे मेलं तर मला सांगू नको. गुपचूप उचलून ने."

*

शेजारच्या भाभी बघायला आल्या. "अरे, ये तो काई है! हमारी छत पे इतनी है कि हम दो बार फिसले।"

दुसऱ्या दिवशी गच्ची खरवडून पिशवीभर घेऊन आल्या. "काकूजी के लिए।"

*

या मॉसला क्षाराचं पाणी चालत नाही. नळाचं नाही, बोअरचं नाही. बॅटरीत टाकायचं पाणी शुद्ध असतं असं ऐकून काकांनी एक बाटली आणली. क्षार मोजायचं मीटर बुडवलं, तर आकडा थेट नळाच्या पाण्याचा.

काकांनी बाटली फिरवून लेबल वाचलं. "अच्छा. म्हणजे आपला इन्व्हर्टर काहून बसला, ते आज समजलं."

*

काकूंच्या मोठ्या बहिणीनं घाटावरून नर्मदेचं पाणी आणलं आणि मी जेवायला गेलो तेवढ्यात हात जोडून दोन तांबे पेटीत ओतले. आठ दिवसांत अर्धं मॉस तपकिरी पडलं.

ताईंनी विचारलं, "मैयाचं पाणी मानवलं ना?"

काकूंनी हिरव्या कोपऱ्याकडे बोट केलं. "मानवलं ना. हे बघ."

ताई गेल्यावर मला म्हणाल्या, "उरलेलं मला प्यायला दे. मॉसपासून लांब ठेव."

*

पावसाळा पावसाच्या पाण्यावर निघाला. मग समोरच्या दवाखान्याच्या एसीच्या नळीखाली मी डबा ठेवू लागलो. ते पाणी मॉसला चाललं. पण दिवाळी झाली, हवा गार झाली आणि एसी बंद झाला. डबा कोरडा. मॉसची टोकं पांढरी पडायला लागली. काकू दिवसभर पेटीकडेच बघत होत्या.

डॉक्टरसाहेबांना सांगायची हिंमत होईना. शेवटी नंबर लावून पेशंटांत बसलो. त्यांनी बीपी घेतलं.

"वाढलंय. एवढा काहून घाबरून राहिला? काय होतंय?"

"मला नाही, मॉसला," म्हणालो, आणि मग सगळं सांगून टाकलं.

त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास सहज डबा बघायला गेलो. नळीतून थेंब पडत होते. मी दार ढकलून आत डोकावलो. दवाखाना एका खोलीचाच, कोपऱ्यात पडद्याआड एक रिकामी खाट. बाकावर सगळे स्वेटर, मफलर गुंडाळून बसलेले.

एक आजी कुडकुडत म्हणाली, "साहेब, असल्या थंडीत एसी काहून लावला?"

डॉक्टर लिहिता लिहिताच म्हणाले, "एका पेशंटला सलाइन लावलंय, आजी."

आजीनं शाल डोक्यावरून ओढून घेतली.

"मग चालू द्या. घाई नका करू."