उकंडरावांच्या तेरवीतला प्रश्न

बीबी गावात उकंडरावांचं घर लहान, पण घराची ऐट मोठी. शाळेतला शिपाई माणूस. तीन खोल्या, दारात कडुनिंब, आणि जन्मात कोणाची कवडी उधार नाही एवढी इस्टेट. घरातली साखर संपली तर चहा बिनसाखरेचा व्हायचा. पण अन्नपूर्णाबाईंनी वाटी घेऊन शेजारी जायचं नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत असं लोक म्हणतात. उकंडराव अंथरूण गुंडाळून ठेवून जमिनीवर झोपणारे होते.

सागर त्यांचा एकुलता एक मुलगा. सहावीत त्यानं दोस्ताचा पेन दोन दिवसांसाठी मागून आणला, तर बापानं जेवणावरून उठवून तो परत करायला पाठवलं होतं. त्या घरानं सागरला पुष्कळ शिकवलं. मागायचं कसं, तेवढं शिकवलं नाही. उधारी वाईट, कबूल. पण अडल्यानडल्या पोराला बापापाशीसुद्धा तोंड उघडता येऊ नये, ही कसली मेली शिकवण?

वाळूजच्या कंपनीनं सागरला कामावरून कमी केलं, तेव्हा बायको अर्पिता बाळंतपणाला टेकलेली. तेही अवघड गेलं, दवाखान्याचं बिल फुगलं. सागरनं कोणापुढे हात पसरला नाही, मोबाईलपुढे पसरला. मोबाईलला नजर नसते, तो 'अमक्याचा पोरगा ना तू' असं म्हणत नाही. पहिल्या अ‍ॅपचे हप्ते भरायला दुसरं, दुसऱ्याचे भरायला तिसरं. दर रविवारी उकंडरावांचा फोन यायचा.

"काई लागते का बे?"

"नाही बाबा. सगळं बेस्ट हाये."

मग वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले. मायबहिणीवरून शिव्या, फोटो गावभर पाठवण्याच्या धमक्या. सागर फोन उशीखाली दाबून ठेवायचा. आणि एके दिवशी त्यातला जो सगळ्यात खवीस होता, त्याचे फोन एकाएकी बंदच झाले. सागरला वाटलं, देव पावला. त्यानं मारुतीला नारळही फोडला. येडं पोरगं! कर्ज काय आपोआप विरघळतं?

त्यानंतर चारेक महिन्यांनी उकंडराव झोपेतच गेले.

त्या घराण्याची एक रीत होती. तेरवीच्या मांडवात पाहुण्यांनी थोरल्या मुलाला पागोटं बांधलं, की त्यानं हात जोडून गावाला विचारायचं, आमच्या माणसाकडे कोणाचं काही देणं निघत असेल तर आज सांगा. प्रश्न एकदाच. मांडव उठला की हिशेब मिटला. आजाच्या तेरवीला उकंडरावांनी विचारलं होतं, तेव्हा चिटपाखरूही बोललं नव्हतं, आणि उकंडराव पुढची कित्येक वर्षं त्या शांततेवर जगले.

सागरनं विचारलं. स्वतःच्या कर्जानं पोखरलेला असूनही त्या क्षणी त्याची छाती भरून आली होती. निदान बाप तरी स्वच्छ गेला.

मागच्या रांगेतून भागवतराव उठले. पिठाच्या गिरणीवाले, उकंडरावांचे लहानपणापासूनचे दोस्त.

"माहे हायेत बाबू. चाळीस हजार."

मांडवातल्या माना मागे वळल्या. सागरच्या कानशिलात आग उठली.

"कायचे?"

"ते नाही सांगत."

"काका, बाबानं साखर उसनी आणली नाही कधी! मेलेल्या माणसावर आळ घेता? खोटं बोलून राह्यले तुमी!"

आसपासच्यांनी भागवतरावांकडे पाहून तोंडं फिरवली. कोणीतरी म्हणालं, म्हातारपणी माणसाला हाव सुटते. भागवतरावांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि चपला शोधत मांडवाबाहेर गेले. त्यांच्या पानावरची बुंदी तशीच राहिली होती.

संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर अन्नपूर्णाबाईंनी सागरला आतल्या खोलीत बोलावलं. बोलताना त्या भिंतीकडे पाहत होत्या.

"भागवतभाऊजी खोटं नाही बोलले रे. त्या मोबाईलवाल्याचा फोन तुह्या बाबाले आला होता. लय वंगाळ बोलला. त्याईनं दोन दिवस अन्न नाही खाल्लं. मंग भाऊजीकडून आणले अन् भरून टाकले."

"मले काऊन नाही सांगितलं?"

"तू सांगितलं होतं का त्याईले?"

दर रविवारचा तो फोन सागरला आठवला. बापाला सगळं ठाऊक होतं, तरी तो 'काई लागते का' एवढंच विचारत राहिला. मुलगा 'बेस्ट हाये' म्हणत राहिला. दोघंही एकाच मुशीतले, दोघांनाही एकमेकांपुढे वाकता आलं नाही. सागर आईच्या पायाशी पोटभर रडला.

"मांडवात मी विचारलं तवा तू घरात आतच होती ना? आईकलं असशील. बोलली काऊन नाही?"

"काय बोलू? त्याईनं जन्मभर एकच गोष्ट कमावली. ते मी तेरवीच्या दिवशी गावापुढं उधळू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सागर पारावर गेला. माणसं जमलेली होती. त्यानं सगळं सांगून टाकलं, नोकरी, मोबाईल, शिव्या, बापानं घेतलेले पैसे. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं आपली लाज चारचौघांत काढून ठेवली. आता भागवतकाकांवरचा डाग निघेल, एवढंच त्याला हवं होतं.

पण गाव ऐकतं ते आपल्याला हवं तेच. पोरगं दुःखानं भैसाटलं, डोकं फिरलं त्याचं, कोणी म्हणालं. दुसरा म्हणाला, "भागवत्यानं घरी जाऊन दम देला असीन." तिसऱ्यानं तर सागरच्या पाठीवर हात ठेवला, "वा रे उकंडरावाच्या पोरा! खोटं देनंही डोक्यावर घेऊन राह्यला. खानदान म्हंतात ते हेच." सागर जितका ओरडून सांगे, तितकं बापाचं नाव मोठं होई आणि भागवतरावांचं मातीत जाई.

"चला, मायलेच विचारू," तो शेवटी म्हणाला.

दोन-तीन जाणती माणसं घरापर्यंत आली. अन्नपूर्णाबाई उंबऱ्याच्या आत, डोक्यावर पदर घेऊन उभ्या राहिल्या. सागर त्यांच्याकडे पाहत होता; इतक्या आशेनं त्यानं कधी देवाकडेही पाहिलं नसेल.

"यायनं कोणाचं काही खाल्लं नाही," त्या म्हणाल्या आणि दार लोटून घेतलं.

काही दिवसांनी सागरला संभाजीनगरात गोदामात काम लागलं. पहिल्या पगारातून त्यानं अर्पिताशी बोलून पाच हजार बाजूला काढले आणि बीबीला आला. गिरणी चालू होती, पण दळणाचे डबे दोनच. बाया आता पलीकडच्या आळीतल्या गिरणीवर जात, आणि ज्या येत त्या घरी जाऊन पीठ तोलून पाहत. भागवतरावांच्या भुवयांवर पीठ बसलं होतं.

"काका, हे घ्या. बाकीचे महिन्याच्या महिन्याले देतो."

भागवतरावांनी नोटांकडे पाहिलंही नाही. "तुह्या मायनं नाही म्हणलं, बाबू. आता मी घेतले तं ते खोटी पडते."

"अन् तुमी खोटे पडले त्याचं काय? मी पाडले तुमाले! तुमी मांडवात उठलेच काऊन, काका? पैशासाठी तं नव्हते उठले."

"तुह्या बापानं शपथ घातली होती. म्हणे, माह्या तेरवीले पोरगा विचारीन, तवा लाजू नको, उभा राहजो. त्याले देनं बाकी ठेवून जायचं नव्हतं. कायचे हायेत ते मात्र पोराले सांगू नको म्हणे." भागवतरावांनी बाहीनं भुवयांवरचं पीठ पुसलं. "माह्यापासून मागतानी तो लेकरासारखा रडला रे. इतक्या वर्सांत मी त्याले रडतानी नव्हतं पाह्यलं."

सागरनं त्यांचे पाय धरले. नोटा पिठात पडल्या. तेवढ्यात दारात एक बाई डोक्यावर दळणाचा डबा घेऊन आली. तिनं पायाशी वाकलेला उकंडरावांचा मुलगा पाहिला, खाली पडलेले पैसे पाहिले, आणि एक शब्द न बोलता डबा तसाच घेऊन पलीकडच्या आळीकडे वळली.

भागवतरावांनी गिरणीचा पट्टा थांबवला. वाकून एकेक नोट झटकली आणि सागरच्या खिशात कोंबली.

"जा बाबू आता," ते म्हणाले. "अन् पुन्हा येऊ नको. तू आला का मले अजून चोर म्हंतात."