गढूळ तळ्यातला डिप्पर

आमच्या ह्यांनी अठ्ठावीस वर्षं बस चालवली. त्यातली एकोणीस वर्षं त्याच बसची कंडक्टर मी होते. लग्नही त्या बसनंच जुळवलं. माझी घंटी दोनदा वाजल्याशिवाय गाडी हलायची नाही. आयुष्यात एवढा एकच माणूस माझं ऐकायचा, तोही निवृत्त झाल्यावर ऐकेनासा झाला.

दोन वर्षांपूर्वी ह्यांना हृदयाचा झटका आला. डॉक्टरांनी सावकाश पोहायला सांगितलं, पण बुडी मारायची नाही, दम रोखायचा नाही, असं बजावलं. ह्यांनी मला तसा शब्दही दिला. मग काय, तोंडात नळी, डोळ्यांवर काच आणि तळ्यात पालथं तरंगायचं. तळंही असं गढूळ की उकळलेला चहा बरा. त्यात लाकडी धक्क्याच्या खांबाशी ह्यांना एक मोठा मासा दिसला आणि खूळच लागलं.

"अंडी राखतोय तो," म्हणाले, "शेपटीनं वारा घालतो त्यांना. एकदा नीट बघायचंय."

मी रोज टॉवेलची पिशवी घेऊन काठावर बसायचे. नळीचं टोक पाण्यावर आहे ना, एवढंच बघायचे. मला पोहता येत नाही. पाण्याची भीती वाटते, त्यात लाज कसली?

बघायचं तर दिवा हवा. ह्यांनी दुकानातून सगळ्यात मोठा, सगळ्यात प्रखर दिवा आणला. पाण्यात लावला तर समोर नुसती पांढरी भिंत. गाळाचा कण न् कण चमकायला लागला. मासा राहिला बाजूला, समोरचा खांब दिसेना. हे तोंड पाडून बाहेर आले.

"अहो, धुक्यात बस चालवताना तुम्ही अप्पर लावायचात का?" मी विचारलं.

"नाही. डिप्पर. झोत खाली."

"मग इथंच कशी अक्कल गहाण टाकलीत?"

हे पुन्हा दुकानात गेले आणि पिवळसर, अरुंद झोताचा दिवा घेऊन आले. मोठा माझ्या पिशवीत पडला. नवा बरा होता, पण हातभर अंतरावरचंच दाखवायचा, आणि मासा तर तळाशी. पुढचं मला तेव्हाच कळायला हवं होतं. एवढी वर्षं एका गाडीत काढली होती.

एका सकाळी नळीचं टोक दिसेनासं झालं. दहापर्यंत मोजलं. वीसपर्यंत मोजलं. मग पिशवीतला मोठा दिवा उचलला आणि बुटांसकट पाण्यात शिरले. कमरेएवढं पाणी झालं तशी धक्क्याचा खांब एका हातानं घट्ट धरला, दुसऱ्या हातानं दिवा पाण्यात घातला आणि त्यांना शोधायला लागले. 

हे वर आले ते हसतच. धापा टाकत म्हणाले, "अगं, दिसला! तुझा उजेड बाजूनं आला आणि सगळं दिसलं. अंडीसुद्धा."

मी रडत होते आणि तोंडाला येईल ते बोलत होते. दिलेला शब्द, डॉक्टर, माझे भिजलेले बूट, सगळं काढलं. शेवटी म्हणाले, "चुकलं माझं." एवढ्या वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

दोन दिवस तळ्याचं नाव नाही. हे खिडकीशी बसून राहायचे. तिसऱ्या दिवशी मीच टॉवेल पिशवीत भरले.

"बुडी मारायची नाही. वरूनच बघायचं," मी म्हटलं. "दिवा मी बाजूनं धरते."

"तू? पाण्यात?"

"कमरेपर्यंत. त्यापुढं एक पाऊल नाही."

भीती गेलेली नाही. आजही खांब सोडत नाही. पण त्या दिवशी हे पालथे होऊन वाट बघत होते, जागचे हलत नव्हते. कशाची वाट बघताहेत ते मला जरा उशिरा कळलं. मग मी दिव्यानं खांबावर दोनदा ठोकलं, आणि गाडी सुटली.