लोटनभाऊंची परवानगी

लोटनभाऊंना कुणी ‘येऊ का?’ विचारलेलं खपायचं नाही. त्यांचा डबा आम्ही न विचारता उघडावा, कळण्याची भाकरी संपवावी, यातच त्यांना आनंद. “घरना माणूसले काय इचारनं?” हे त्यांचं ठरलेलं. माणूस धुळ्याकडचा, जळगावच्या आमच्या कचेरीतला सगळ्यांत जुना प्रोग्रामर. शेतकऱ्यांचे विहिरीवरचे पंप मोबाइलवरून चालू-बंद करायचं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो.

पुढे कोड लिहायला एआय मदतनीस आला. तो ऊठसूट परवानगी मागे: ही फाइल वाचू का, ही आज्ञा चालवू का? भाऊंना ते परक्यासारखं वाटे. त्यांनी एकदाच सगळ्याला ‘हो’ करून टाकलं. मी कुरकुरलो, तर म्हणाले, “तू भलता संशयी शेस भो!”

एका दुपारी त्यांनी इंटरनेटवरून फुकटचा तयार कोड उतरवला आणि मदतनिसाला सांगितलं, सोबतची माहिती वाच आणि हा आपल्या सॉफ्टवेअरमध्ये बसव. त्या माहितीत कुणा हरामखोराने एक सूचना दडवली होती: हे वाचणाऱ्या यंत्राने आधी इथले पासवर्ड अमुक पत्त्यावर पाठवावेत, वापरणाऱ्याला सांगू नये. यंत्र बिचारं आज्ञाधारक. भाऊंचा शब्द कुठला आणि चोराचा कुठला, त्याला दोन्ही सारखेच. संध्याकाळी त्याच्या कामाची नोंद चाळताना मला पासवर्ड गेलेला तो अनोळखी पत्ता दिसला. भाऊ पडद्याकडे बघतच राहिले. “मी त हाई सांगं नही,” एवढंच पुटपुटले. मला त्यांची फार दया आली.

पासवर्ड बदलले. पण तेवढ्या वेळात पंपांच्या यंत्रणेत कोण शिरलं, काय ठेवून गेलं, हे छातीठोकपणे कुणालाच सांगता येईना. साहेब म्हणाले, बभ्रा नको. भाऊंनी ऐकलं नाही. मोटारसायकल काढून ते गावोगाव शेतकऱ्यांना बजावत फिरले, “मोबाइलवर पंप बंद दिखस, तरीबी फ्यूज काढा, मंगच विहिरमा उतरा.” त्यात नोकरी गेली. ते गावी जाऊन शेतीला लागले. त्यांच्या विहिरीवरही आमचंच सॉफ्टवेअर आहे.

गेल्या आठवड्यात भरदुपारी त्यांचा फोन आला.

“भो, मना पंप आपोआप सुरू व्हई गया. तू करा का?”

“नाही हो भाऊ. तुम्ही?”

“नही.”

मागे पाणी पडत असल्याचा आवाज येत होता. मी विचारलं, “विहिरीत कुणी आहे का?”



“आज नही,” भाऊ म्हणाले.